साक्ष इतिवृत्तास जोडावी

सभा अकराला सुरू झाली. मी आणि मुनाफभाई सभागृहाबाहेरच्या व्हरांड्यात लाकडी बाकावर बसलो होतो. मुनाफभाईंनी ईदला शिवलेला पांढरा शर्ट घातला होता आणि गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावली होती. ते पालिकेचे व्हॉल्व्हमन. गावात कुठल्या भागाला किती वाजता पाणी सुटणार, हे त्यांच्या हातातल्या लांब लोखंडी चावीवर ठरायचं. मी फिल्टरवर, म्हणजे जलशुद्धीकरण केंद्रावर, पाणी तपासायला होते. त्या दिवशी आम्ही दोघं साक्षीदार होतो.

"मॅडम, मले काय विचारतीन?" त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"जे झालं ते सांगायचं. कोणी सांगितलं, कोणता व्हॉल्व्ह उघडला, किती दिवस उघडला."

"आन नसरीनचं?"

नसरीन त्यांची सून. बावीस वर्षांची होती. सप्टेंबरात गेली.

"तेही सांगा," मी म्हटलं.

ही गोष्ट चौऱ्याण्णव सालच्या डिसेंबरातली. आमचं गाव तालुक्याचं. नगराध्यक्ष दिनकरराव ठोसर यांना पदावरून काढावं, असा ठराव विरोधी सदस्यांनी आणला होता. पालिकेत तेवीस नगरसेवक. ठोसरांचे बारा, विरोधातले अकरा. त्यांना काढायला सोळा मतं लागत होती आणि ती मिळायची नव्हती, हे पानठेल्यावर उभा राहणारा माणूससुद्धा सांगत होता. तरी पालिकेसमोर सकाळपासून गर्दी होती, कारण गव्हाळे सरांनी एक मागणी केली होती. मतदानाआधी साक्षीदारांना आत बोलवा, त्यांना ऐका, मग हात वर करा. सभा चालवायला जिल्ह्याहून एक उपजिल्हाधिकारी आले होते. त्यांनी कायद्याचं पुस्तक चाळून सांगितलं होतं, की साक्षीबद्दल यात काही लिहिलेलं नाही, सभागृहानंच बहुमतानं ठरवावं.

गव्हाळे सर विरोधी गटाचे नेते होते, पण त्याआधी ते माझे सर होते. अकरावी-बारावीला त्यांनी मला रसायनशास्त्र शिकवलं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी प्रयोगशाळा पाहिलेली नव्हती. माझे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. मी बी.एस्सी. करावं म्हणून सर दोनदा आमच्या घरी आले होते. फिल्टरवरच्या जागेची जाहिरात त्यांनीच कापून आणून दिली, अर्जही त्यांनीच तपासला. त्यांच्या पाया पडल्याशिवाय मी कधी त्यांच्या घरातून निघाले नव्हते.

सप्टेंबरात जे झालं ते असं. पाण्यात क्लोरीन आहे की नाही हे बघायची एक साधी चाचणी असते. परीक्षानळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे, पाणी पिवळं झालं तर ठीक. गवळीपुऱ्याकडच्या नळाचं पाणी पिवळं होईना. ती लाईन जुनी, नाल्याखालून गेलेली. मी ब्लिचिंग पावडर वाढवून बघितली, तरी तेच. नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवला. गुरुवारी दुपारी अहवाल आला, त्यात एकच ओळ महत्त्वाची होती : पाणी पिण्यास अयोग्य.

तासाभरात फिल्टरवरचा फोन वाजला. ठोसर स्वतः होते.

"बाई, अहवाल आला म्हणे."

मी हो म्हटलं. ती लाईन लगेच बंद करावी लागेल, टँकर द्यावे लागतील, असंही सांगितलं.

"रविवारी मंत्री येणार आहेत, माहीत आहे ना? नवीन टाकी त्याच लाईनवर आहे. सोमवारपर्यंत काही बंद करायचं नाही. आणि तो कागद फाईलला लावू नका."

मग ते म्हणाले, "तुमची ऑर्डर जानेवारीत निघते आहे ना कायम होण्याची?" आणि फोन ठेवला.

संध्याकाळी मुनाफभाईंना वरून निरोप आला, गवळीपुऱ्याचा व्हॉल्व्ह नेहमीसारखा उघडायचा. त्यांनी उघडला. शुक्रवारी उघडला, शनिवारी उघडला. रविवारी टाकीचं उद्घाटन झालं, मंत्र्यांनी नळ सोडला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. शनिवारीच गवळीपुऱ्यात उलट्या-जुलाब सुरू झाले होते. पुढच्या शुक्रवारपर्यंत अकरा माणसं गेली. मुनाफभाई गवळीपुऱ्यातच राहायचे.

आणि मी काय केलं, तेही सांगते. गुरुवारी घरी गेले आणि आधी स्टोव्हवर पातेलं ठेवलं. वडिलांना म्हटलं, आजपासून पाणी उकळून प्यायचं. का, ते सांगितलं नाही. शेजारीही सांगितलं नाही. चार दिवस आमच्या घरात पाणी उकळत होतं आणि मी रोज त्याच रस्त्यानं कामावर जात होते.

नोव्हेंबरात सर आमच्या घरी आले. ठोसरांच्या फोनबद्दल काहीतरी त्यांच्या कानावर आलं होतं. मी नाही-हो करत होते, कारण नोकरी कच्ची होती. सर तासभर बसले. एकदाही आवाज चढवला नाही. शेवटी म्हणाले, "कुंदा, तू पाणी तपासतेस. ते खराब असेल तर खराब म्हणायचं, एवढंच तुझं काम. ते तू एकदा केलं नाहीस. आता कर. मी तुझ्या मागे उभा आहे."

मला रडू आलं. मी सगळं सांगितलं, पातेल्यासकट. सरांनी स्वतःच्या हातानं निवेदन लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी टाइप केलेली प्रत आणली तेव्हा त्यात पाणी उकळल्याचं वाक्य नव्हतं. मी विचारलं. ते म्हणाले, त्याची गरज नाही, त्यांना बोट ठेवायला जागा होईल. मी म्हटलं, सभागृहात मला ते सांगायचं आहे. माझ्या तोंडून एकदा बाहेर पडू दे. सर म्हणाले, "बघू. तिथं विचारतील तेव्हा तुला वाटेल ते सांग."

म्हणून मी त्या बाकावर बसले होते. माझं काय होईल याची भीती होती, पण खरं सांगायचं तर कधी एकदा आत बोलावतात असं झालं होतं.

सभागृहाचं दार उघडं होतं आणि माईकवरचं सगळं बाहेर ऐकू येत होतं. आधी ठोसरांच्या बाजूनं जयस्वाल वकील बोलले. ते नगरसेवक होते आणि बोलण्यात कोणाला ऐकायचे नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की ही सभा आहे, कोर्ट नाही. कागद समोर आहेत, ते वाचा आणि मत द्या. आज दोन कर्मचारी बोलावले तर उद्या प्रत्येक ठरावाला गाव गोळा करावं लागेल. आरोप करणाऱ्यांनी पुराव्यानिशी यायचं असतं, इथं येऊन पुरावे शोधायचे नसतात. सत्ताधारी बाकं वाजली.

मग सर उठले. त्यांचा आवाज वर्गातल्यासारखाच होता, शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा. अकरा माणसांची नावं त्यांनी एकेक करून घेतली. नसरीनचं नाव आलं तेव्हा मुनाफभाई बाकावर ताठ बसले. सर म्हणाले, ज्यांनी फोन ऐकला आणि ज्यांच्या हातून व्हॉल्व्ह उघडला गेला, ती माणसं या भिंतीपलीकडे बसली आहेत. त्यांना ऐकायला दहा मिनिटं लागतील. दहा मिनिटं ऐकायची ज्यांना भीती वाटते, त्यांना कशाची भीती वाटते?

हात वर करून मतदान झालं.  विरोधकांचे अकरा हात होतेच. बारावा हात यमुनाबाई सुरडकरांचा निघाला.

यमुनाबाई ठोसरांच्या गटाच्या, गवळीपुऱ्यातल्या एका वॉर्डातून निवडून आलेल्या. बाजारात भाजी विकायच्या, नगरसेविका झाल्यावरही विकत होत्या. त्यांच्या वॉर्डातली सात माणसं गेली होती. आत गोंधळ उडाला, ठोसरांचा कोणीतरी त्यांना बसा बसा म्हणत होता. त्या एवढंच म्हणाल्या, "मले ऐकायचं हाये."

बारा विरुद्ध अकरा. साक्षीदार बोलावण्याचा ठराव मंजूर झाला. बाहेर गर्दीत शिट्या वाजल्या. मुनाफभाईंनी माझ्याकडे बघितलं आणि मी मान हलवली.  पहिलं नाव माझं होतं.

तेवढ्यात जयस्वाल पुन्हा उठले. सभागृहाचा निर्णय आम्हाला मान्य आहे, म्हणाले, मग आमचेही साक्षीदार येतील. त्यांची यादी देण्यासाठी अर्धा तास सभा थांबवावी. उपजिल्हाधिकाऱ्यांनी चहाची सुट्टी दिली.

सगळे बाहेर आले. सर आमच्या बाकाजवळून जाताना थांबले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "घाबरू नकोस. सावकाश बोल." मग जयस्वालांनी त्यांना व्हरांड्याच्या टोकाला बोलावून घेतलं. त्यांच्या हातात एक लांबट वही होती. ती त्यांनी मध्येच एका ठिकाणी उघडून सरांपुढे धरली. मला वाटलं, त्यांच्या साक्षीदारांची यादी असेल. सरांनी वाकून वाचलं. मग त्यांनी आमच्या बाकाकडे बघितलं. मी हसले, पण ते माझ्याकडे बघत नव्हते. ते मुनाफभाईंकडे बघत होते.

दोघं अध्यक्षांच्या दालनात गेले आणि दार लागलं. वीस-पंचवीस मिनिटांनी बाहेर आले तेव्हा सर आमच्या बाजूनं आले नाहीत, पलीकडच्या दारानं आत गेले.

सभा पुन्हा सुरू झाली. पहिले सरच उठले. मी बाकावरून उठून उभी राहिले होते, शिपाई नाव पुकारणार म्हणून.

सर म्हणाले, "सभागृहाचा वेळ आणि कर्मचाऱ्यांची अडचण लक्षात घेऊन दोन्ही बाजूंनी असं ठरवलं आहे, की साक्षीदारांना प्रत्यक्ष बोलावू नये. त्यांची लेखी निवेदनं वाचलेली समजून इतिवृत्तास जोडावीत."

जयस्वालांनी अनुमोदन दिलं. उपजिल्हाधिकाऱ्यांनी विचारलं, कोणाचा विरोध? आतून यमुनाबाईंचा आवाज आला, "अशी कशी वाचलेली? कोनं वाचली?" त्यांना माईक नव्हता. पुढं त्या काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. ठराव झाला.

मुनाफभाई मला म्हणाले, "आता आपला नंबर?"

मी त्यांना सांगितलं की आपल्याला बोलावणार नाहीत. त्यांना ते कळलं नाही. ते म्हणाले, पण आताच तर बोलवायचं ठरलं. मी म्हटलं, हो, ठरलं होतं.

त्यानंतर ठोसरांना काढायच्या ठरावावर मतं पडली. सर पुन्हा बोलले, फार चांगलं बोलले. माझं नाव घेऊन म्हणाले, त्या धाडसी मुलीचं निवेदन या सभागृहाच्या दप्तरात कायम राहील. ठरावाच्या बाजूनं बारा, विरोधात अकरा. सोळा हवे होते. ठोसर नगराध्यक्ष राहिले. बाहेर एका बाजूला गुलाल उडाला, दुसऱ्या बाजूला सरांच्या नावाच्या घोषणा झाल्या, नैतिक विजय म्हणून. मी आणि मुनाफभाई त्या दोन्ही घोळक्यांच्या मधून बाहेर पडलो. कोणी आम्हाला ओळखलं नाही.

मला काही सुचत नव्हतं. बहुमत हातात असताना सरांनी ते का सोडलं, याची मी स्वतःशी कारणं जुळवत होते. जयस्वालांनी माझ्या नोकरीची धमकी दिली असेल. सरांनी मला वाचवलं असेल. घरी जाईपर्यंत माझी तशी जवळजवळ खात्री झाली होती. वडिलांनी विचारलं, झालं का सांगून? मी म्हटलं, सरांनी माझ्यासाठी माघार घेतली.

दुसऱ्या दिवशी बाजारात यमुनाबाई त्यांच्या भाजीच्या दुकानावर बसलेल्या दिसल्या. मी त्यांचे आभार मानायला थांबले. त्यांनी माझ्याकडे बघून मेथीची जुडी आपटली.

"मले गटातून काढलं काल," त्या म्हणाल्या. "ते जाऊ दे. म्या हात वर केला तो तुह्या सरांच्या भरवशावर. आन त्यानं चहा पेऊन तो खाली आनला. इचार त्याले, शुक्रवारच्या लिफाफ्याचं इचार."

"कोणता लिफाफा?"

"मले काय मालूम. डाक-वहीत हाये म्हनतात. जयस्वालनं तेच दाखवलं त्याले."

आवक-जावकची डाक-वही हेडक्लार्कच्या टेबलावरच असायची. मी दुपारी काहीतरी निमित्त काढून ती चाळली. सप्टेंबर, शुक्रवार. 'जिल्हा प्रयोगशाळा अहवाल, प्रत. मा. सदस्य, पाणीपुरवठा समिती.' नियमाप्रमाणे समितीच्या सदस्यांना प्रत जाते, हे मला माहीतच नव्हतं. माझ्यापुढे फक्त मूळ कागद आला होता. समितीत विरोधकांचा एकच सदस्य होता. ठोसरांच्या माणसांच्या नावापुढे सह्या नव्हत्या, त्यांची पाकिटं कोणी पाठवलीच नसावीत. पण हेडक्लार्क जुना माणूस, त्यानं निदान विरोधकाची प्रत नियमानं रवाना केली होती. पोहोचल्याची सही सरांची होती. माझ्या प्रयोगवहीच्या प्रत्येक पानावर जी सही होती, तीच. शेजारी घेऊन जाणाऱ्याचं नाव : शेख मुनाफ.

मी तशीच सरांच्या घरी गेले. ते समोरच्या खोलीत मुलांच्या प्रयोगवह्या तपासत बसले होते. मला बघून म्हणाले, "ये, बस. मी तुझ्याकडे येणारच होतो."

मी बसले नाही. विचारलं, "सर, शुक्रवारी अहवालाची प्रत आली होती तुमच्याकडे?"

त्यांनी पेनचं टोपण लावलं. "जयस्वालनं पसरवलं वाटतं."

"मी वही बघितली. तुमची सही आहे."

"आहे."

"उघडली होती?"

सर खोटं बोलतील असं मला वाटलं, बोलावं असंही वाटलं.

"त्याच दिवशी," ते म्हणाले.

बाहेर त्यांची बायको वाळवण उचलत होती. डब्यांचा आवाज येत होता. मी म्हटलं, "रविवारला दोन दिवस होते, सर. गवळीपुऱ्यातून एक रिक्षा फिरवायची होती. पाणी उकळून प्या, एवढंच सांगत."

"उद्घाटन रद्द झालं असतं. ठोसर म्हणाला असता, विरोधकांनी अफवा उठवली. सोमवारी त्यानं लाईन बदलली असती आणि गावानं त्याचंच कौतुक केलं असतं. तीन वर्षं तो माणूस असाच निसटतो आहे." एखादी समीकरणाची पायरी सुटली तर समजावून सांगावी तसं ते बोलत होते. "मला वाटलं, पाच-पंचवीस लोकांना जुलाब होतील, बोंबाबोंब होईल, त्याला जाब द्यावा लागेल. अकरा माणसं जातील असं कोणाला वाटतं, कुंदा?"

मी विचारलं.

"मग मला कशाला बसवलंत तिथं?"

"तुझं म्हणणं खरं होतं म्हणून. ते आजही खरं आहे. दप्तरात आहे."

"कोणी वाचलं नाही ते."

"मुनाफ आत आला असता तर जयस्वाल त्याला लिफाफ्याचं विचारणार होता. मग ठोसर आणि मी एकाच पारड्यात. लोकांनी कोणाकडे बघायचं होतं? आपल्या बाजूला काय उरलं असतं?"

मी म्हटलं, मी कुठल्या बाजूची नव्हते. मी तुमची विद्यार्थिनी होते.

तेव्हा ते पहिल्यांदा चिडले. आवाज चढला नाही, पण ओठ बारीक झाले. "तुझ्या घरात पाणी कधीपासून उकळत होतं? गुरुवारपासून ना? माझ्याही एक दिवस आधीपासून. ते वाक्य मी काढलं, कुंदा. तुझ्यासाठी काढलं. जा आता, आणि नीट विचार कर."

मी निघाले. वाकून नमस्कार केला नाही. जिना उतरून सरळ घरी गेले.

नंतरचं थोडक्यात सांगते. ठोसरांनी आठवड्याभरात माझी बदली केली, फिल्टरवरून घरपट्टीच्या टेबलावर. कायम व्हायची ऑर्डर चार वर्षं निघाली नाही. सरांच्या गटातलं कोणी त्यावर बोललं नाही. पुढच्या निवडणुकीत सर पाण्याच्या प्रश्नावरच उभे राहिले आणि नगराध्यक्ष झाले. त्यांनी नाल्याखालची लाईन बदलली, हे खरं आहे. माझी ऑर्डरही त्यांच्याच सहीनं निघाली. मी ती घेतली. यमुनाबाई पुन्हा निवडून आल्या नाहीत. सर वारले तेव्हा त्यांच्या शोकसभेत चौऱ्याण्णव सालच्या त्या भाषणाचा उल्लेख तीन वक्त्यांनी केला. मी मागच्या रांगेत होते.

पण माझ्या मनात जे राहिलं ते फिल्टरवरच्या माझ्या शेवटच्या सकाळचं. बदलीचा कागद आला होता. मी कपाटातल्या नळ्या, बाटल्या नव्या माणसासाठी मोजून ठेवत होते. सातच्या सुमारास मुनाफभाई आले. सायकल भिंतीला लावली, चावी खांद्यावर घेतली, पण लगेच निघाले नाहीत. दारात उभे राहिले.

"मॅडम, एक विचारू का?"

"विचारा ना."

"म्या सप्टेंबरात गव्हाळे सरांच्या घरी एक लिफाफा देला होता. हेडक्लार्क साहेबानं देला होता मह्याजवळ. मले तं वाचता येत नाही. आता बाजारात लोकं म्हनतात का त्या लिफाफ्यात काईतरी होतं. तुमाले मालूम असन."

मी हातातली नळी खाली ठेवली.

"सरांनी मले बसवलं त्या दिवशी," ते सांगत होते. "मले म्हने चहा घे. म्या म्हनलं, पान्याची वेळ हाये, जातो. नाई म्हने, बस. म्या त्याईले म्हनलंबी, का गवळीपुऱ्यात पान्याले वास येते म्हून. ते म्हनले, पाह्यतो. लई भला मानूस. पन लोकं असं बोलतात तं मनात येते ना. त्याच दिवशी संध्याकाळी नसरीननं माठ भरला होता." मग विचारलं, "काय होतं त्याच्यात?"

सभागृहानं मला बोलावलं नव्हतं. पोलिसांनी, जिल्ह्याच्या साहेबांनी, वर्तमानपत्रवाल्यांनी कोणी मला समोर उभं करून विचारलं नव्हतं. विचारणारे हे एकटेच. आणि सगळं सांगायचं तर लिफाफ्यापाशी थांबता आलं नसतं, माझ्या पातेल्यापर्यंत यावं लागलं असतं.

"मीटिंगची नोटीस होती," मी म्हटलं.

"पान्याचं काई नोतं?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. चेहरा जरा मोकळा झाला. "मंग ठीक हाये," ते म्हणाले. "म्या उगाच सरांवर शक घेतला."

मग त्यांनी मला नवीन ठिकाणी सांभाळून राहा म्हणून सांगितलं, सायकलवर बसले आणि गवळीपुऱ्याचा व्हॉल्व्ह उघडायला गेले.